पेंढ्याची शाई

गुंजवणे,
रविवार, १६ नोव्हेंबर

प्रिय अजरा,

पेपरातलं ते कात्रण तुझ्या झुल्फीभाईंनी मला तीन वेळा पाठवलं. एकदा नुसतं, एकदा खाली हात जोडलेले, आणि तिसऱ्यांदा काचेच्या बशीतल्या त्या पांढुरक्या कानाभोवती लाल गोल काढून. 'पुण्यात छापला जिवंत कान.' तो कान मी छापला आहे, अजरा. शाई मी कालवली, सुई मी लावली, बशीही मीच धरली होती. फोटोच्या कडेला जो निळा हातमोजा दिसतो तो माझा. म्हणून माझ्याइतकं ठामपणे दुसरं कुणी हे तुला सांगू शकणार नाही: तो कान जिवंत नाही. त्यात एकही पेशी नव्हती. दोन दिवसांत तो कडेनं सुकून आक्रसला आणि मी तो कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकून दिला.

फोनवर हे सांगायला गेले असते तर दुसऱ्याच वाक्याला तू 'ते असू दे, जेवलीस का' म्हणाली असतीस. समोरच्याला शरमिंदं करायचं नसलं की तू जेवणाचं विचारतेस, मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून लिहिते. यातलं काही तुला माहीत आहे, काही अर्धवट माहीत आहे आणि काही मी तुझ्यापासून लपवलेलं आहे. रागावणार असशील तर शेवटपर्यंत वाच आणि मग हवं तेवढं रागाव.

पुण्याच्या त्या प्रयोगशाळेत मी सहा वर्षं नेमकं काय केलं, हे मी तुला कधी धड सांगितलंच नाही. तू विचारलंस की मी दोन इंग्रजी शब्द टाकायचे आणि त्यांच्यामागं लपायचे. काम तसं सांगायला सोपं आहे. जिवंत पेशी एका मऊ, ओलसर जेलमध्ये मिसळायच्या, ते जेल पिचकारीत भरायचं आणि बारीक सुईतून रेघेवर रेघ टाकत आपल्याला हवा तो आकार उभा करायचा. त्या जेललाच आम्ही शाई म्हणतो. सुईतून येताना शाईनं पेशींना चिरडता कामा नये, आणि खाली पडल्यावर जिथल्या तिथं उभं राहायला हवं. फुलाआत्याला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती अंगणात कुरडया घालत होती. सोऱ्या दाबत दाबत म्हणाली, "मंजी चिकाचंच काम की गं. चीक कच्चा राह्यला की कुरडई बसती, लई शिजला की सोऱ्या दाबून हात मोडत्यात." माझी सहा वर्षं तिनं एका दमात सांगून टाकली. फरक एवढाच की माझ्या चिकात जीव सोडलेले असतात. सोऱ्या जोरात दाबला की ते मरतात.

एकाच पदार्थाची शाई जमत नाही. समुद्री शेवाळातून निघणारा चिकट पदार्थ घेतला तर आकार धरतो, पण पेशींना तो परका वाटतो, त्या त्याला चिकटतच नाहीत. जिलेटिन पेशींना आवडतं, पण जरा ऊब लागली की त्याचं पाणी होतं. म्हणून दोन-तीन पदार्थ एकत्र करून मिश्र शाई करायची. तिसरा पदार्थ मला सापडला तो आमच्या खळ्यावर. दिवाळीला घरी आले होते, इंद्रायणी भाताची झोडणी चालू होती, आणि मी पेंढ्याचं एक काड दाताखाली धरून बसले होते. चावून चावून गर गेला तरी धागा काही तुटेना. पोतंभर पेंढा मी वेल्ह्याच्या एसटीत घालून पुण्याला नेला. उकळला, धुतला, पांढरा केला, पुन्हा दळला. शेवटी त्यातले धागे इतके बारीक झाले की साध्या भिंगातूनही दिसेनात. ते शेवाळाच्या आणि जिलेटिनच्या जेलमध्ये मिसळल्यावर शाई शहाणी झाली. दाब दिला की वाहायची, दाब सोडला की थांबायची. आमचे कुमार सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, आधी हसले होते. "शिवानी, गुरांचा चारा माणसात घालणार का?" नंतर त्यांच्या प्रत्येक भाषणात तो पेंढा पहिल्या चित्रावर येऊन बसला.

आणि यंत्र? ते तर तुलाच माहीत आहे. प्रयोगशाळेतलं चांगलं यंत्र सतत दुसऱ्यांच्या नावावर लागलेलं. मला मिळालं ते कोपऱ्यात पडलेलं, आतली सर्किटची पाटी जळालेलं. ते मी मांडीवर घेऊन भोरला आले, तुझ्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात. तू भिंग डोळ्याला लावून आत पाहिलंस आणि म्हणालीस, "मेलं न्हाई हे. रुसलंय फक्त." तीन दिवसांत तू ते उठवलंस. वर पिचकारीभोवती गरम राहणारी ती बाही बसवलीस, कारण एसीच्या गारठ्यात जिलेटिन सुईतच घट्ट होतं, असं मी रडत सांगितलं होतं. ती बाही अजून त्याच यंत्रावर आहे. आमच्या पहिल्या लेखाच्या शेवटी मी तुझे आभार मानले होते. सरांनी तुझं नाव खोडलं. म्हणाले, रिपेअरवाल्यांची नावं घालत नसतात. मी पुन्हा घातलं. त्यांनी पुन्हा खोडलं. छापायला जाणारी शेवटची प्रत माझ्या हातून गेली, त्यामुळे तुझं नाव त्यात आहे. तुला सांगायचं राहिलं होतं.

आता त्या कानाचं. माझ्या शायांना नंबर आहेत. अकरा नंबरमध्ये पेंढ्याचे धागे जास्त. तिचा अख्खा कान उभा राहतो, पाळी, कडा, वळणं, सगळं. पण ती इतकी दाट की सुईतून येताना पेशी मरतात. चौदा नंबर पातळ. बकऱ्याच्या कानातल्या पेशी आम्ही तिच्यात घातल्या आणि त्या एकवीस दिवस जगल्या. एकवीस दिवस, अजरा! मी रोज सकाळी त्यांना बघायला धावत जायचे. पण चौदा नंबरची चकती होते ती शर्टाच्या बटणाएवढी. चार थरांवर पाचवा चढवला की ती बसते, कच्च्या कुरडईसारखी. थोडक्यात, जिथं कानाचा आकार होता तिथं पेशी नव्हत्या, आणि पेशी होत्या तिथं आकार नव्हता. सरांनी काय केलं, तर अकराचा कान आणि चौदाच्या पेशी एकाच चित्रात शेजारी शेजारी लावल्या, आणि वर एकच ओळ लिहिली: 'जिवंत कान'.

हे ऐकून तू म्हणशील, मोठी माणसं करतात असं, तू कशाला अंगावर घेतेस. का घेते ते सांगायला मला मागं जावं लागेल. आपण दोघींनी ज्या दिवसाबद्दल कधीच बोलायचं नाही असं न ठरवताच ठरवलं, त्या दिवसाकडे.

आठवीची दिवाळीची सुट्टी. भोरला मावशीकडे राहून शाळा शिकणारी मी, आणि माझ्याबरोबर हट्टानं गावाला आलेली तू. तुला भात कसा निघतो ते बघायचं होतं. अण्णांची भाताची गिरण दिवसभर धडधडत होती, दारात पोत्यांची रांग. तू कोंड्याच्या धुरळ्यात उभी राहून हसत होतीस, आणि मी तुला पलीकडून हाक मारली, "इकडनं ये, तांदूळ पडतोय तो बघ!" इकडनं म्हणजे पट्ट्याच्या बाजूनं. तुझी ओढणी आधी गेली, मग वेणी. अण्णांनी खटका पाडेपर्यंत किती वेळ गेला असेल? दोन श्वास. तेवढ्यात तुझा डावा कान गेला. जीपमधून नसरापूरला, तिथून पुण्याला. वाटभर माझी आई तुझं डोकं मांडीवर धरून होती आणि मला मात्र कुणी जीपमध्ये घेतलं नाही.

त्यानंतर गावात, पोलिसांपुढं, तुझ्या अब्बांपुढं अण्णा एकच सांगत राहिले: पोर खेळत खेळत मधे आली. सगळ्यांनी मान डोलावली. तुझ्या अब्बांनीही. ते तर उलट अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "हनुमंतराव, नशिबाचा भाग." अजरा, त्या पट्ट्यावर लोखंडी जाळी असायची. पट्टा घसरत होता म्हणून सारखी राळ लावावी लागायची, आणि सारखी जाळी काढा-घाला करायचा अण्णांना कंटाळा आला. आदल्या दिवशी त्यांनी ती काढून भिंतीला टेकवून ठेवली. मी तिथंच होते. तुला हाक मारली तेव्हा जाळी नाही हेही मला दिसत होतं. आणि तू दवाखान्यात असताना अण्णांनी ती पुन्हा बसवली तेही मी पाहिलं. तेरा वर्षांची होते, असं म्हणून मी स्वतःला सोडवत आले. पण मी चौदाची झाले, वीसची झाले, आता सत्तावीसची आहे. एका वयानंतर ते 'तेरा वर्षांची' चालत नाही.

तू शाळेत परत आलीस तो दिवस मला नीट आठवतो. रुमाल बांधून आली होतीस. मधल्या सुट्टीत सगळ्या पोरी तुझ्याकडे तिरक्या नजरेनं बघत होत्या. तू बाकावर चढलीस, रुमाल सोडलास आणि केस वर धरून म्हणालीस, "बगा. एकदाच काय ते बगून घ्या, मंग रोज रोज डोळं वाकडं करायला नको." मला तेव्हा तुझा इतका अभिमान वाटला की लाज वाटायची राहूनच गेली. त्याच वर्षी नीरेच्या काठावर मी तुला म्हणाले, मी तुला कान करून देईन. तू म्हणालीस, "दोन दे. एक राखीव." तू हसण्यावारी नेलंस. मी नेलं नाही. विज्ञानाला गेले ते त्यासाठी, या विषयाला हात घातला तोही त्यासाठी. लोक मला विचारतात की खेड्यातली मुलगी या क्षेत्रात कशी. मी त्यांना काहीतरी छान उत्तर देते. खरं उत्तर ती भिंतीला टेकवलेली जाळी आहे.

कुमार सरांनी हे हेरलं. प्रवेशाच्या मुलाखतीत मी त्यांना तुझ्याबद्दल सांगितलं होतं, गिरणीतलं सोडून. सहा वर्षांनी त्यांना ते बरोबर आठवलं. गेल्या महिन्यात मोठी सभा होती. बाहेरच्या संस्थांची माणसं, काही डॉक्टर, पत्रकार. आदल्या दिवशी सरांनी तालीम घेतली आणि पडद्यावर तुझा फोटो आला. दुकानातला, केस वर बांधलेले, हातात चिमटा. मीच काढलेला, प्रयोगशाळेतल्या माझ्या टेबलावर लावलेला. खाली लिहिलं होतं, 'पहिली लाभार्थी'. मी म्हणाले, "सर, हा काढा. आणि त्या दोन वेगळ्या शाया आहेत, एका चित्रात नकोत." ते म्हणाले, "लोकांना शाईचा नंबर नको असतो, शिवानी. त्यांना कान हवा असतो." मी पुन्हा नाही म्हटलं. तेव्हा ते अगदी मायेनं म्हणाले, "तू हे सगळं तिच्यासाठीच करतेयस ना?"

आणि मी गप्प बसले. हे तुला कळायला हवं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी गप्प होते. कारण मलाही तो कान हवा होता. पडद्यावर तुझा फोटो आणि शेजारी कान बघून क्षणभर माझ्या छातीवरचा दगड उतरला होता. खोटा का होईना, उतरला होता. त्यांनी माझ्याच अपराधाचा खटका शोधून बरोबर दाबला होता.

दुसऱ्या दिवशी भाषण संपलं, टाळ्या झाल्या, आणि सरांनी विचारलं, कुणाला काही प्रश्न? मी शेवटच्या रांगेतून उभी राहिले. म्हणाले, "प्रश्न नाही, दुरुस्ती आहे. तो कान मी छापलाय. त्यात पेशी नव्हत्या. पेशी जगल्या त्या दुसऱ्या शाईत, आणि त्या चकत्या आठ मिलिमीटरच्या आहेत. आणि फोटोतल्या बाईला कुणी विचारलेलं नाही." मला बाकावर चढलेली तू आठवलीस. सर हसून म्हणाले, आमची विद्यार्थिनी जरा दमली आहे. मी म्हणाले, "दमले नाही सर. वह्या आणल्या आहेत." आणि खरंच आणल्या होत्या. तारीखवार, नंबरवार. त्या मी टेबलावर ठेवल्या. बहुतेकांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पत्रकार तर आधीच बाहेर पडले होते, म्हणूनच पेपरात 'जिवंत कान' आला.

सोमवारी गेले तर माझ्या कार्डानं दार उघडेना. दारावरचे गेनबा आपल्या हिर्डोशीचे. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, यादीत नाव न्हाई तुमचं. पर बसा हितं. पानी देतो." मी त्यांच्या खुर्चीवर बसूनच संशोधनाच्या नीतिसमितीला पत्र लिहिलं, वह्यांच्या प्रती जोडल्या आणि कानावरच्या नव्या लेखातून माझं नाव काढून घेतलं. पोच मिळाली आहे, उत्तर नाही. सरांचा एकदा फोन आला. म्हणाले, तुझी पदवी आता कोण देतं ते बघू. मी म्हणाले, बघू. अजरा, घाबरले होते मी. पण फोन ठेवल्यावर सहा वर्षांत पहिल्यांदा मला कडकडून भूक लागली.

त्या सभागृहात एक वयस्कर बाई होत्या, दुसऱ्या एका संस्थेत हाडांवर काम करणाऱ्या. त्यांनी मात्र वह्या उघडून वाचल्या होत्या. मला शोधून फोन केला आणि विचारलं, "चौदाच्या पुढं काय केलंत?" मी सांगितलं, सोळा. सोळा नंबरबद्दल मी सरांना सांगितलंच नव्हतं. पेंढ्याचे धागे आखूड केले, सुई जरा रुंद घेतली. नखाएवढी एक वाकडी पट्टी उभी राहिली आणि तिच्यातल्या पेशी नऊ दिवस जगल्या. आकारही आणि जीवही, दोन्ही एकाच ठिकाणी. नख म्हणजे काहीच नाही. कानापर्यंत जायला दहा वर्षं लागतील, वीस लागतील, कदाचित माझ्यानंतरचं कुणी पोचेल. पण ते नख खरं आहे. त्या बाई म्हणाल्या, डिसेंबरपासून माझ्याकडे या, टेबल आहे, यंत्र मात्र जुनं आहे. मी म्हणाले, जुनं यंत्र मला चालतं. पेंढ्याचं पोतं इथं अंगणात बांधून तयार आहे. ही शाई मी सोडणार नाही. माझ्या नावाशिवाय कुणी ती विकायला निघालं तर त्यालाही सोडणार नाही.

परवा अण्णांना मी सांगितलं की अजराला पत्र लिहितेय आणि जाळीचं लिहिणार आहे. ते ओटीवर विळ्याला धार लावत होते. म्हणाले, "चवदा वर्सं झाली. आता कशाला उकरतीस? बाहीर कळलं तर लोक काय म्हंतील?" मी म्हणाले, "लोक काय म्हणतील ते म्हणू देत अण्णा, पण तिचे अब्बा नशीब नशीब म्हणत गेले. त्यांना तरी आपण फसवायला नको होतं." आमच्यात कधी नाही एवढं जोरात भांडण झालं. आई आतून बाहेर आली आणि पुन्हा आत गेली. शेवटी अण्णा विळा खाली ठेवून म्हणाले, "जाळी म्याच काडली हुती. लिव. माझं नाव घालून लिव." पुढं म्हणाले, "म्या येऊ का तुझ्यासंगं भोरला?" मी सांगितलं, ते अजरा ठरवील. तू ये म्हणालीस तर ते येतील. नको म्हणालीस तरी त्यांना ते पेलावं लागेल. मलाही.

आता बुधवारचं. झुल्फीभाईंचा कात्रणामागून फोन आला होता. आवाजात केवढा आनंद! "शिवानी, तुजी मान्सं येनारेत बुधवारी. अजराच्या दुसऱ्या कानाचं माप घ्यायला. कॅमेरावालेबी हायत. आता आमच्या पोरीचं हुईल ना गं?" मला तिथल्या तिथं बोलता आलं नाही, त्यांची माफी माग माझ्यातर्फे. ती माणसं माझी नाहीत, सरांची आहेत. त्यांच्याकडे एक इंग्रजी कागद असेल, चार पानी. तो मी प्रयोगशाळेत असतानाच वाचला आहे. तुझा चेहरा, आवाज आणि गोष्ट कुठंही दाखवायला तुझी परवानगी, एवढंच त्यात आहे. कान कधी, कसा, कोण बसवणार, याची एक ओळ नाही. सही करू नकोस. त्यांना दुकानाच्या पायरीवर उभं करून विचार की अकरा नंबरच्या शाईत पेशी किती जगल्या. उत्तर देता आलं नाही तर गिऱ्हाईक आहे म्हण आणि आपल्या कामाला लाग. हे पत्र त्यांना दाखवायचं असेल तर खुशाल दाखव. म्हणूनच खाली पूर्ण सही करते आहे.

पण खरं सांगू, फक्त बुधवारसाठी एवढं लिहायची गरज नव्हती. तू त्यांना माझ्याशिवायही परतवलं असतंस. लिहिते आहे ते चार वर्षांपूर्वीच्या त्या दुपारसाठी. पुण्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तुला सांगितलं होतं की बरगडीच्या कुर्चेतून, म्हणजे तिथल्या मऊ हाडातून, कान घडवता येतो, दोन ऑपरेशनं लागतील, तारीखही दिली होती. तू तिथून थेट माझ्या होस्टेलवर आलीस आणि दारातच विचारलंस, "काय करू गं?" मी म्हणाले, "बरगडी कशाला कापून घेतेस? दोन-तीन वर्षं थांब. मी करते." आणि तू दवाखान्यात फोन करून तारीख सोडलीस, माझ्यासमोर, माझ्या शब्दावर. तेव्हा माझ्याकडे चौदा नंबरही नव्हता. दोन-तीन वर्षांत कान होणार नाही हे मला त्या दुपारीही माहीत होतं. तुझा कान माझ्याखेरीज दुसऱ्या कुणी करावा हे मला सहन होत नव्हतं, म्हणून मी तुला थांबवलं. जाळी अण्णांनी काढली होती, पण हे मी केलं, शहाणी, शिकलेली, पंचविशीकडे झुकलेली असताना. कुमार सरांनी लोकांपुढं जे केलं ते मी तुझ्याशी आधीच केलं होतं. तो 'थांब' मी आज परत घेते. त्या डॉक्टरीणबाई अजून तिथंच आहेत. गेल्या मंगळवारी मी तुझं नाव न सांगता त्यांना भेटून आले. म्हणाल्या, वय वाढलं की कुर्चा कडक होते, घडवायला जरा अवघड जातं, पण येऊ दे, मी बघते. त्या दर मंगळवारी असतात. त्यांचं नाव आणि खोलीचा नंबर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत ठेवलाय. जा किंवा जाऊ नकोस, कान कर किंवा करू नकोस, मला कळव किंवा कळवू नकोस. पण आजपासून एक दिवसही माझ्यासाठी थांबू नकोस.

तुझीच, तू ठेवशील तोवर,
शिवानी हनुमंत रेणुसे